चित्र एक, आवाज दोन

२०२० च्या जुलैमधली गोष्ट सांगते. शाळा बंद होत्या. माझ्या भावाची नात तेव्हा आठवीत होती, निपाणीकडच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत. तिच्या आईवडिलांना कामावर जाणं भाग होतं, म्हणून पोरीला आमच्याकडे बेळगावला आणून ठेवलं होतं. सकाळी आंघोळ उरकली की ती वही घेऊन टीव्हीपुढे बसायची. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं. मराठीतून, गप्पा मारल्यासारखं शिकवणारं. ती त्यात रमून जायची. मग पुस्तक उघडायची, पानं मागंपुढं करायची आणि म्हणायची, ‘‘आज्जी, हे छान आहे गं, पण आमच्या पुस्तकात असं न्हाई की.’’ कारण तो कार्यक्रम महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेला आणि हिचं पुस्तक कर्नाटकचं, मराठीत छापलेलं.

चंदना वाहिनीवर कर्नाटकातल्या मुलांसाठी धडे लागायचे. तिथे धडा तिच्या पुस्तकातला, पण शिकवणं कन्नडमधून. कन्नड तिला येत नाही असं नाही. बाजारात, बसमध्ये, मैत्रिणींशी बोलण्यापुरतं चांगलं येतं. पण पेशी, केंद्रक, घर्षण हे सगळं कन्नडमधून ऐकायचं म्हणजे चालत्या बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचण्यासारखं. एक वाचून होते तोवर पुढच्या तीन निघून जातात.

एकाच खोक्यात दोन राज्यं होती. एकाची भाषा तिची होती आणि दुसऱ्याचं पुस्तक तिचं होतं.

मी तिच्याशेजारी भाजी निवडत बसलेली असे आणि मला सारखं वाटे, हे आपण पूर्वी पाहिलंय. दोन-तीन दिवसांनी आठवलं. माळ्यावरच्या ट्रंकेतून मी आत्तीची वही काढली. १९७५ सालची, पुठ्ठ्याला भुंग्यानं भोकं पाडलेली. हा लेख त्या वहीचा आहे, आणि त्या साली आपल्या देशात शाळकरी मुलांसाठी सहा राज्यांनी मिळून जे एक मोठं काम केलं, त्याचा आहे.

त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते. मला कावीळ झाली, अंगात काही उरलं नाही, म्हणून दिवाळी झाल्यावर अण्णांनी मला हवापालटासाठी आत्तीकडे नेऊन सोडलं. आत्ती विजापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होती. निपाणी, चिक्कोडी, अथणी करत विजापूरला पोचायचं आणि तिथून पुढे आणखी एक बस. माझी शाळा बुडू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून आत्ती मला तिच्याच शाळेत घेऊन जायला लागली.

शाळेच्या अंगणात तारेच्या जाळीची एक भलीमोठी परडी आभाळाकडे तोंड करून उभी होती. खुराड्याला लावतात ना, तसलीच जाळी. दोन माणसं आडवी झोपली तरी पुरून उरावी एवढी रुंद. गावात तिला छत्री म्हणत. वर्गात एक टीव्हीचा संच होता, काळा-पांढरा, आणि त्याच्या खोलीची किल्ली आत्तीच्या कमरेला. आमच्या निपाणीत तेव्हा एकाही घरात मी टीव्ही पाहिला नव्हता. तंबाखूच्या वखारी असलेल्या पैसेवाल्यांकडेही नाही. आणि या धुळीच्या गावात, जिथे पाणी आणायला बायकांना अर्धा मैल जावं लागे, तिथे टीव्ही!

सकाळी मुलांचा कार्यक्रम लागे. साडेबावीस मिनिटं. हा आकडा माझ्या डोक्यात पक्का आहे, कारण आत्ती घड्याळ समोर ठेवून बसायची. सबंध सकाळचं प्रक्षेपण दीड तासाचं आणि त्यात चार भाषा: हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड. नव्वद मिनिटांचे चार समान भाग केले की प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं येतात. घरात चार लेकरं आणि एकच भाकरी असली की आई करते तसंच हे.

एके दिवशी पडद्यावर चिमणी आली. आवाज म्हणाला, ‘गुब्बच्ची’. मी मोठ्यानं ओरडले, ‘‘चिमणी!’’ सगळा वर्ग हसला. मी ओशाळले. आत्ती हसली नाही. ती मागच्या बाकांकडे आली. तिथे मी, सोलापूरकडून आलेल्या एका कुटुंबाची दोन मराठी पोरं आणि तांड्यावरची तीन लमाणी मुलं बसत होतो. ती आमच्यामध्ये खाली बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली, ‘‘गुब्बच्ची म्हंजे चिमणी. आता बघ, ती घरटं कशाचं बांधती बघ.’’ लमाणी मुलांना ती त्यांच्या बोलीतले चार शब्द जुळवून सांगायची, ते चुकले की तीच मुलं तिला सुधारायची. त्या दिवसापासून रोज साडेबावीस मिनिटं आत्ती मागच्या बाकावर बसली. पडद्यातला आवाज पुढच्या मुलांसाठी आणि आत्तीचा आमच्यासाठी.

आता या टीव्हीमागचा इतिहास सांगते, कारण तो फार थोड्या बायकांना माहीत असतो.

या कल्पनेचे जनक विक्रम साराभाई. अहमदाबादच्या आपल्याच जैन समाजातल्या घरात १९१९ साली जन्मलेले. त्यांच्या आईनं, सरलादेवींनी, मुलांसाठी घरीच माँटेसोरी पद्धतीची शाळा उघडली होती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. मुलगा पुढे अवकाशशास्त्रज्ञ झाला, पण शाळा कशी असावी याचा विचार त्या घरात आधीपासून होता. साराभाईंचं म्हणणं साधं होतं. गरीब देशानं चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत उतरू नये, पण उपग्रहासारखं नवं साधन आपल्या माणसांच्या रोजच्या अडचणींसाठी वापरायला मागंही राहू नये. शहरात टीव्ही आधी आणि खेड्यात पन्नास वर्षांनी, हा क्रमच उलटा करता येईल. मनोरे उभारत गावोगाव पोचायला जन्म जाईल; उपग्रह आभाळातून सगळीकडे एकदमच बोलेल.

१९६९ च्या सप्टेंबरमध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाचा आणि अमेरिकेच्या ‘नासा’चा करार झाला. त्यांचा एटीएस-६ नावाचा उपग्रह एक वर्षासाठी आपल्याला मिळणार होता. कार्यक्रम करायचे आपण, जमिनीवरची केंद्रं आपली, संच आपले. ३० डिसेंबर १९७१ ला साराभाई गेले. त्यांना यातलं काही पाहायला मिळालं नाही. काम पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात यश पाल यांच्या हाताखाली झालं आणि या प्रकल्पाची व्यवस्था पाहणारे होते एकनाथ चिटणीस. चिटणीसांचा जन्म कोल्हापूरचा. म्हणजे आमच्या निपाणीपासून तासाभराच्या वाटेवरचा. मला हे पुष्कळ वर्षांनी कळलं तेव्हा उगीचच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्षाचा तो प्रयोग. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान ही सहा राज्यं, त्यांतले वीस जिल्हे आणि सुमारे २,४०० खेडी. कर्नाटकातले जिल्हे विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. आंध्रातल्या जिल्ह्यांत खुद्द हैदराबाद जिल्हाही होता. निवडताना मागासलेले भाग मुद्दाम घेतले होते. संच हैदराबादच्या ईसीआयएल कारखान्यात तयार झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा शिक्षण हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय होता. केंद्राचा आणि राज्यांचा सामाईक विषय तो झाला १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे हा प्रयोग संपल्यावर. त्यामुळे दिल्लीनं आभाळातून कितीही बोलायचं ठरवलं तरी शाळेचं दार उघडणं राज्याच्याच हातात होतं. उपग्रह परदेशी, केंद्रं ‘इस्रो’ आणि दूरदर्शनची, पण शाळेची खोली, वीज, संच सांभाळणारा माणूस, वेळापत्रकात बसवलेली ती साडेबावीस मिनिटं, हे सगळं राज्य सरकारांनी दिलं. नाहीतर छत्रीवर कावळे बसले असते, दुसरं काही झालं नसतं. काळ आणीबाणीचा होता. संध्याकाळच्या कार्यक्रमांत सरकारची स्तुती भरपूर असे, हेही खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण सकाळची चिमणी कुणाची स्तुती करत नव्हती.

दुसरी गोष्ट भाषेची. सहा राज्यं आणि उपग्रह एक. भांडण इथेच व्हायचं. त्यावर जो तोडगा होता तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. त्या उपग्रहावरून एका चित्रासोबत दोन वेगळे आवाज पाठवता येत. एकच चित्र दाखवायचं आणि त्याच वेळी इकडे तेलुगूतून तर तिकडे कन्नडमधून बोलायचं, अशी सोय होती. चिमणीला भाषा नसते. ती घरटं बांधते ते सगळीकडे सारखंच. चित्र सामाईक ठेवा, आवाज ज्याचा त्याला द्या. नेत्यांनी सीमेवर भांडत बसायचं ते बसावं, पण लेकरांच्या शाळेत एवढं जमू शकतं, हे त्या वर्षी दिसलं.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडत होतं असंही नाही. तोच उपग्रह त्याआधी वर्षभर अमेरिकेवर होता. तिथे रॉकी पर्वतांतल्या आठ राज्यांनी एकत्र येऊन दुर्गम गावांतल्या शाळांसाठी त्याच्यावरून कार्यक्रम दिले होते आणि अॅपलाचियाच्या डोंगराळ भागातल्या शिक्षकांना त्यावरून अभ्यासक्रम शिकवले होते. मग १९७५ मध्ये तो सरकवत सरकवत पूर्व आफ्रिकेच्या वर आणून ठेवला, तेव्हा त्याचं तोंड आपल्या विजापूरकडे वळलं. माझ्या आत्तीनं जे यंत्र वापरलं, तेच यंत्र केंटकीकडच्या एखाद्या मास्तरणीनं आदल्या वर्षी वापरलेलं होतं. दोघींना एकमेकींचा पत्ता नाही.

शिक्षकांच्या शिकवणीवरून आत्तीच्या वहीकडे येते. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये, सुट्टीत, प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं बारा दिवसांचं प्रशिक्षण झालं. टीव्हीवरून धडा, रेडिओवरून चर्चा, हातानं करायचे प्रयोग आणि छापील टिपणं, असं सगळं एकत्र. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा झालं. दोन्ही वेळचे मिळून जवळजवळ अठ्ठेचाळीस हजार शिक्षक त्यात शिकले. तोवर आत्तीच्या माहितीतलं विज्ञान म्हणजे फळ्यावर लिहायचं आणि मुलांनी पाठ करायचं. बारा दिवसांनी ती चाळणी, मेणबत्ती, बाटली आणि दोरा घेऊन वर्गात जायला लागली.

वहीची रचना अशी आहे. डाव्या पानावर कन्नडमधून धड्याची टिपणं. उजव्या पानावर तिनं स्वतःसाठी केलेली यादी. नेरळु – सावली. अयस्कांत – लोहचुंबक. एले – पान. नीरु – पाणी. काही शब्दांपुढे तिसरा शब्द आहे, पेन्सिलीनं, खाडाखोड केलेला. तो लमाणी. तो तिला मुलांनी सांगितलेला. अशी चाळीस-पंचेचाळीस पानं आहेत. कुणी तिला हे करायला सांगितलं नव्हतं. वरून दोन आवाज येत होते, तिच्या वर्गात मात्र चार भाषा बसल्या होत्या. उरलेल्या दोन तिनं पदरमोड करून भरल्या.

संध्याकाळचंही सांगते. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकायची, मग आत्ती किल्ली घेऊन शाळेकडे निघायची. मी मागे. संच ओट्यावर आणून ठेवायचा. पुढे पोरं, मग पुरुष, आणि अगदी मागे, अंधारात, भिंतीला टेकून बायका. अर्धा तास सगळ्या राज्यांना सामाईक असा हिंदी कार्यक्रम असायचा. तेव्हा पुरुष बिडी ओढायला उठायचे. बायका उठायच्या नाहीत. उठून जाणार कुठे? एकदा घरी गेलं की पुन्हा बाहेर यायला मिळायचं नाही. मुलाच्या जुलाबाला काय करावं, कुठलं पाणी उकळावं, बाळंतिणीनं काय खावं, हे त्या त्या अंधारात बसून ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी आडावर त्याचीच चर्चा. त्या प्रयोगानंतर जो अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की नवी माहिती पुरुषांपेक्षा बायकांच्या पदरात जास्त पडली, आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांच्या. मला त्याचं नवल वाटत नाही. ज्याला ताटात कधी वाढलंच नाही, तोच पहिला घास चावून खातो.

मुलांच्या बाबतीत मात्र निकाल संमिश्र होता. त्यांची भाषा सुधारली, शिकण्यात रस वाढला. पण टीव्ही आला म्हणून शाळेत येणारी पोरं वाढली किंवा शाळा सोडून जाणारी थांबली, असं काही झालं नाही. आत्तीला हा अहवाल कधी वाचायला मिळाला नाही, पण तिचं मत तेच होतं. ती म्हणायची, ‘‘रानात खुरपायला न्यायचं म्हटल्यावर पोरगी टीव्हीसाठी थांबती व्हय? तिच्या आईबापाशी बोलायला मलाच जायला पायजे की.’’ आणि ती जायची.

३१ जुलै १९७६ ला करार संपला. उपग्रह अमेरिकेनं परत नेला. गावोगावच्या छत्र्या आभाळाकडे बघत राहिल्या. १९७७ मध्ये गुलबर्ग्याला मनोरा उभा राहिला, तसेच इतर राज्यांतही काही उभे राहिले, आणि थोड्या गावांचं चित्र परत आलं. आत्तीच्या गावाचं आलं नाही. संच काही दिवस कपाटात होता. पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. किल्ली मात्र तिनं बरीच वर्षं जुडग्यात ठेवली होती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यातच आमचं दुखणं आहे.

आपला स्वतःचा इन्सॅट-१बी उपग्रह १९८३ मध्ये गेला. त्यावरून शाळांसाठी कार्यक्रम द्यायचे तर ते तयार करणाऱ्या संस्था राज्यांत हव्यात, म्हणून आंध्र, बिहार, गुजरात, महाराष्ट्र, ओडिशा आणि उत्तर प्रदेश अशा सहा राज्यांत त्या निघाल्या. महाराष्ट्राची पुण्यातली संस्था म्हणजे १९८४ ची बालचित्रवाणी. माझी मोठी बहीण सांगलीला दिली आहे. तिच्याकडे सुट्टीत गेलं की माझी मुलं बालचित्रवाणी बघायची. मराठीतून चिमणी मला पहिल्यांदा तिथे भेटली. मुलांना म्हटलं, ‘‘बघा, तुमच्या भाषेत बोलते.’’ त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं. यावेळी महाराष्ट्र यादीत होता आणि कर्नाटक नव्हता. १९७५ मध्ये बरोबर उलट होतं. आम्ही सीमेवरचे लोक दोन्ही वेळा मधल्या फटीत. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली.

२० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट सोडला. फक्त शिक्षणासाठी सोडलेला आपला पहिला उपग्रह. त्याच्या पहिल्या प्रयोगांसाठी तीन राज्यांतली तीन विद्यापीठं घेतली होती. महाराष्ट्रातलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ, मध्य प्रदेशातलं भोपाळचं तंत्रविद्यापीठ आणि कर्नाटकातलं विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ. या तिसऱ्याचं मुख्यालय आमच्या बेळगावात आहे. नाशिक आणि बेळगाव एकाच उपग्रहाला जोडलेले होते. त्याच २००४ सालात महाराष्ट्रानं सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. आभाळात दोन राज्यं एका दोरीत, जमिनीवर दोन बाजूंना. हे वाचून हसावं की रडावं, तुम्हीच ठरवा.

मग ५ सप्टेंबर २०१७ ला ‘दीक्षा’ आलं. दीक्षा म्हटलं की आपल्या बायकांच्या डोळ्यांपुढे केशलोच उभा राहतो, म्हणून सांगते, हे शिक्षकांसाठी आणि मुलांसाठी केलेलं इंटरनेटवरचं एक मोठं भांडार आहे. चौकट केंद्राची आणि आतला माल राज्यांचा. पुस्तकातल्या धड्यावर एक चौकोनी कोड छापतात. फोननं तो टिपला की त्या धड्याचं चित्र, व्हिडिओ, प्रश्न समोर येतात. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी असे कोड पुस्तकात घालून मुलांना शिकवलं आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. एका राज्यानं केलेला धडा दुसऱ्यानं घ्यावा, आपल्या भाषेत करावा, हीच त्या भांडारामागची कल्पना. म्हणजे साराभाईंच्या काळचीच गोष्ट. चित्र सामाईक, आवाज ज्याचा त्याचा.

तर मग माझ्या नातीच्या हातात ते का पोचत नाही? यंत्र कमी पडतं म्हणून नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रालाही दोन आवाज जमत होते, आताच्या यंत्राला वीस जमतील. अडतं ते असं की, सीमेवरच्या मराठी मुलाला आपलं म्हणणारं कुणी नसतं. कर्नाटकाच्या धड्याला मराठी आवाज द्यायचा तर तो कर्नाटकानं द्यायला हवा, नाहीतर महाराष्ट्रानं कर्नाटकाच्या पुस्तकावर बोलायला हवं. पहिल्याला ती मुलं थोडी वाटतात. दुसऱ्याला ते पुस्तक परकं वाटतं. भाषणांत मात्र दोघांनाही आमची फार आठवण येते. आपल्या घटनेत ३५० क नावाचं एक कलम १९५६ साली घातलेलं आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यानं पुरेशा सोयी कराव्यात, असं ते सांगतं. त्या सोयींमध्ये शाळेची खोली आणि पुस्तक येतं, तर आता धड्याचा आवाजही यायला हवा. आणि हे एकट्या मराठीचं मागणं नाही. सोलापूर, अक्कलकोट, जत इकडे कन्नड शाळा आहेत. तिथल्या कन्नड पोरीचं दुखणं माझ्या नातीसारखंच, फक्त पाट्या उलट्या. दोन्ही राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी सीमा आहे तिथेच राहू द्यावी, दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागू द्यावा, पण तुमच्या धड्याला आमचा आवाज आणि आमच्या धड्याला तुमचा, एवढी देवाणघेवाण करावी. त्यासाठी नकाशातली एक रेघही हलवावी लागत नाही.

मंत्र्यांचं होईल तेव्हा होईल. २०२० च्या त्या जुलैत मी काय केलं ते सांगून संपवते. चंदनावर विज्ञानाचा धडा लागला की मी टीव्हीचा आवाज अगदी बारीक करायची. माझं कन्नड बरं आहे, आत्तीच्या कृपेनं. तिची वही मांडीवर, नातीचं पुस्तक समोर. पडद्यावर शिक्षक दाखवत जायचे आणि मी मराठीतून सांगत जायची. विज्ञानातलं सगळं मला येत होतं असं अजिबात नाही. घर्षणाशी मी चार दिवस अडले होते. पण अडलं की आम्ही दोघी पुस्तकात शोधायचो. आठवड्याभरानं शेजारची एक मुलगी तोंडाला मास्क लावून उंबऱ्याशी येऊन बसायला लागली, मग तिचा भाऊ. ऑगस्टमध्ये चार झाली. त्यांतलं एक उर्दू शाळेतलं होतं. त्याला मराठी बरं कळायचं, जिथे कळायचं नाही तिथे माझी नात त्याला हिंदीतून सांगायची.

नात आता शिक्षिका व्हायचं म्हणते. परवा आली होती तेव्हा वही मागून घेऊन गेली. जाताना म्हणाली, ‘‘आज्जी, यात उर्दूसाठी जागा न्हाई गं, मी समासात लिहू का?’’

म्हटलं, ‘‘लिही की. पेन्सिलीनं लिही. चुकलं तर पोरं सांगतील.’’